पबच्या मागची बाग

जॉर्ज ऑर्वेल म्हटलं की आपलं बोलणं ‘ॲनिमल फार्म’ आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ या दोन पुस्तकांवर सुरू होतं आणि तिथेच संपतं. हुकूमशाहीवर घाव घालणारा लेखक म्हणून तो मोठा आहेच. पण त्याच्या वर्तमानपत्री लेखांत आणखी एक ऑर्वेल भेटतो. चहा कसा करावा, विस्तवाशेजारी कसं बसावं, असल्या गोष्टींवर तो जीव लावून लिहितो, आणि मला तोच जास्त जवळचा वाटतो. या लेखांतला माझा सर्वांत आवडता लेख म्हणजे ‘द मून अंडर वॉटर’. ९ फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये तो छापून आला. दोन-अडीच छापील पानं भरतील एवढाच त्याचा जीव. विषय म्हणाल, तर लेखकाच्या आवडीचा, याच नावाचा एक पब.

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारात बसून या लेखाचं रसग्रहण कशासाठी, असं कुणी विचारील. आमच्या गावात पब नाही, इंग्लंडसारखा समुद्रही नाही. किल्ल्याचा पाण्याने भरलेला खंदक आणि राष्ट्रकूटांच्या काळापासून ‘जगत्तुंग समुद्र’ म्हणून ओळखलं जाणारं तळं, एवढाच आमचा समुद्र. पण चार माणसांनी संध्याकाळी कुठे बसावं, कसं बसावं, आणि त्या चारांत कोण कोण असावं, हे या लेखाचं खरं विचारणं आहे. ते आमच्या गावाला इंग्लंडइतकंच लागू पडतं. किंबहुना थोडं जास्तच.

लेख सुरू होतो तो पत्त्याने. पब बसच्या थांब्यापासून दोन मिनिटांवर आहे, पण आडगल्लीत आहे. त्यामुळे दारुडे आणि दंगेखोर शनिवारच्या रात्रीसुद्धा तिथवर पोचत नाहीत. येणारी माणसं बहुतेक नेहमीची, रोज त्याच खुर्चीत बसणारी, बिअरइतकीच गप्पांसाठी येणारी. मग लेखक सांगतो की एखादा पब का आवडतो असं विचारलं, तर खरं म्हणजे आधी बिअरचं नाव घ्यायला हवं, पण आपल्याला तिथलं वातावरण सगळ्यांत आधी आठवतं. पबवरच्या लेखात बिअर अशी पहिल्याच दमात मागच्या बाकावर जाऊन बसते. पुढे ती येते, पण तेव्हाही कुठल्या भांड्यातून प्यायची याचीच चर्चा जास्त. काचेचे, जस्ताच्या रंगाच्या प्यूटरचे किंवा चिनी मातीचे मग चालतील, पण त्यांना कान हवा. कान नसलेला पेला नको. चिनी मातीचे मग स्ट्रॉबेरीसारख्या गुलाबी रंगाचे आहेत, आणि चिनी मातीतून बिअर अधिक चांगली लागते, असं त्याचं मत. चव जिभेला कळायच्या आधी हाताला आणि डोळ्यांना कळते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच असं वाक्य सुचतं. पितळी पेल्यातून ताक पिणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

वातावरण म्हणजे काय, हे सांगताना ऑर्वेल एकही मोघम शब्द वापरत नाही. सगळं सामान नजरेसमोर मांडतो. व्हिक्टोरियन काळातलं, रेघारेघांचं जुनं लाकूडकाम. काउंटरमागचे नक्षीदार आरसे. ओतीव लोखंडाच्या शेगड्या. तंबाखूच्या धुराने गडद पिवळं पडलेलं छत. शेगडीवरच्या फळीच्या वर पेंढा भरलेलं बैलाचं डोकं. हिवाळ्यात निदान दोन दालनांत विस्तव पेटलेला.

या विस्तवापाशी मी दर वेळी थांबतो. १९४६ चा फेब्रुवारी होता. युद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते. लंडनची घरंच्या घरं बॉम्बने पडलेली, खाणंपिणं रेशनवर, कोळशाची टंचाई, बिअर पातळ आणि तीही कधी मिळे कधी न मिळे. अशा थंडीत एकाच घरात दोन विस्तव म्हणजे किती मोठी चैन होती, ते त्या दिवशीच्या वाचकाला काही न सांगता कळलं असेल. आपल्याला ते जरा थांबून समजून घ्यावं लागतं. वरच्या मजल्यावरचं जेवणही तसंच. भाजलेल्या मांसाचा काप, दोन भाज्या आणि उकडलेला जॅम-रोल, तीन शिलिंगांच्या आसपास. रेशनकार्डावर जगणाऱ्या शहराला एक माणूस पोटभर जेवणाचं वर्णन सांगतो आहे. हातचं काही न राखता सांगतो आहे.

बैलाच्या डोक्यापाशी मात्र मी वेगळ्या कारणाने थांबतो. आमचा तालुका लालकंधारी बैलांचा. गडद तांबड्या अंगाची, कष्टाला चिवट अशी ही जात आमच्या गावाचं नाव लावते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा लोण्याने आणि हळदीने मळायचा, दुसऱ्या दिवशी त्याला सजवून पुरणपोळी भरवायची, ही आमची रीत. त्यामुळे भिंतीवर ठोकलेलं बैलाचं डोकं हे बसण्याच्या जागेचं भूषण आहे, हे वाचताना कंधारी वाचकाच्या मनात क्षणभर कालवाकालव होते. ती होऊ द्यावी. परक्या मुलखातलं लेखन वाचताना जिथे अडखळायला होतं, तिथे आपण कोण आहोत तेही कळतं.  

दालनांची रचना ऑर्वेल बारकाईने सांगतो. साध्या लोकांचा पब्लिक बार, जरा बऱ्या कपड्यांतल्या लोकांचा सलून बार, बायकांसाठी वेगळा बार, आणि रात्रीच्या जेवणासोबतची बिअर चारचौघांत विकत घ्यायला लाजणाऱ्यांसाठी एक छोटा कप्पा, जिथून ती भांड्यात नाहीतर बाटलीत भरून घरी नेता येते. एका छपराखाली इंग्लंडचे सगळे वर्ग वेगवेगळ्या दारांनी आत येतात. खेळ फक्त पब्लिक बारमध्ये, म्हणजे इतर दालनांत फेकलेल्या डार्टपासून डोकं चुकवत चालायला नको. रेडिओ नाही, पियानो नाही. नाताळच्या आदल्या रात्री गाणी होतात तीसुद्धा सभ्य.

रेडिओ नसण्याचा मुद्दा त्याने सहज म्हणून लिहिलेला नाही. इंग्लंडमध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेने बोल्टन शहरातल्या पबांची पाहणी करून १९४३ साली एक पुस्तक काढलं होतं, आणि ऑर्वेलने त्याचं परीक्षण लिहिलं होतं. माणसं एकमेकांशी बोलत, खेळत, वाद घालत ती जागा मागे पडते आहे आणि गप्प बसून ऐकायची, गप्प बसून पाहायची करमणूक पुढे येते आहे, ही खंत त्याला तेव्हापासून होती. आज तो आमच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आला असता, तर भिंतीवरच्या टीव्हीकडे बघून काहीच बोलला नसता, बहुधा उठून गेला असता. आणि प्रत्येकाच्या हातातला मोबाइल तर दारात ठेवून यायला कुणीच तयार नाही.

त्या हॉटेलाविषयी आता थोडं सांगायला हवं, कारण लेखातली एक ओळख मला तिथे पटते. ऑर्वेलच्या पबमध्ये बिअर देणाऱ्या बायका मध्यम वयाच्या आहेत. त्यांतल्या दोघींचे केस कुणाला अपेक्षित नसतील अशा रंगांनी रंगवलेले आहेत. बहुतेक गिऱ्हाइकांना त्या नावाने ओळखतात, सगळ्यांची आस्थेने चौकशी करतात आणि लहान असो की म्हातारा, बाई असो की पुरुष, ज्याला त्याला लाडाने हाक मारतात. हा पब तंबाखू-सिगारेटींसोबत ॲस्पिरिनच्या गोळ्या आणि टपालाची तिकिटं विकतो. टेलिफोन वापरू देताना कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. ॲस्पिरिन आणि तिकीट! बसण्याच्या जागेची खरी परीक्षा इथे आहे. तिथे जे मिळायला हवं असं नाही, ते मिळतं की नाही.

आमच्या तालुक्याच्या कुठल्याही स्टँडसमोर असं एक हॉटेल असतंच. पत्र्याचं छप्पर, काळी पडलेली कढई, एका बाजूला भज्यांचा घाणा, सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला आणि दुपारी फक्त चहा. गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सगळे मामा म्हणतात. त्यांच्या मागच्या फळीवर कुणाकुणाच्या पिशव्या असतात. मुखेडला जाणाऱ्या गाडीत द्यायचं औषध, पोराच्या वसतिगृहावर पाठवायचा डबा, बाजारात विसरलेली छत्री, चुलतभावाला द्यायची किल्ली. “मामा, आमचा बापू आला की एवढं देऊन टाका,” असं म्हणून माणूस निघून जातो, आणि बापू येतो तेव्हा मामा नाव न विचारता पिशवी पुढे करतात. चहाचे पैसे बहुतेकांचे वहीत. कुणाच्या घरी मयत झाली, कुणाच्या सोयाबीनला काय भाव लागला, कोणाची सोयरीक जमली, हे सगळं आधी इथे कळतं. ऑर्वेलच्या पबमधले गुण मोजत बसलो, तर या हॉटेलाच्या पदरात बरेच पडतील. ठरलेली जागा, ओळखीची माणसं, स्वस्त खाणं, आस्था. (चहाच्या बाबतीत मात्र ऑर्वेलचं आणि आमचं जमणार नाही. या लेखाच्या महिनाभर आधी, १२ जानेवारी १९४६ रोजी, त्याने ‘अ नाइस कप ऑफ टी’ लिहिला. चहा भारताचा नाहीतर सिलोनचाच हवा इथपर्यंत तो आपला माणूस आहे. पण त्यात साखर घालू नये असं तो सांगतो, आणि इथे कंधारचा वाचक त्याची साथ सोडतो.)

मग उणं काय? ते लेखाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात कळतं. सलून बारमधून निघणाऱ्या एका अरुंद बोळाने वाचक चालत जातो आणि अचानक एका प्रशस्त बागेत येतो. ‘प्लेन’ जातीची झाडं, त्यांच्याखाली छोटी हिरवी टेबलं, लोखंडी खुर्च्या. एका टोकाला मुलांसाठी झोके आणि घसरगुंडी. उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथे कुटुंबंच्या कुटुंबं बसतात. घसरगुंडीवरून पोरं किंचाळत खाली येताहेत आणि मोठी माणसं झाडाखाली पीत बसली आहेत. एवढे गुण सांगून झाल्यावर लेखक म्हणतो की बाग हाच या पबचा सर्वांत मोठा गुण, कारण ती असल्यामुळे आईला बाळ सांभाळत घरी बसावं लागत नाही आणि बापाला एकट्याने बाहेर जावं लागत नाही.

या ठिकाणी लेखाचं वजन बदलतं. इतका वेळ लाकूड, आरसे, मग, विस्तव अशा वस्तूंचं प्रेम होतं. आता माणसांची बाजू घेतली जाते. मुलांना फक्त बागेत यायची परवानगी आहे, पण ती हळूहळू आत झिरपतात आणि आईबापांसाठी पेले भरून नेतात. हे कायद्याच्या विरुद्ध आहे. १९०८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना पबच्या बारमध्ये यायला बंदी होती. ऑर्वेल सरळ लिहितो की हा कायदा मोडण्याच्याच लायकीचा आहे, कारण मुलांना बाहेर ठेवलं की बायका बाहेर राहतात, आणि बायका-मुलं बाहेर राहिली की कुटुंबाने एकत्र बसण्याच्या जागेचा नुसता दारूचा अड्डा होतो. अख्ख्या लेखात त्याचा आवाज एवढा एकदाच चढलेला आहे.

तो का चढला असेल, याचा मला एक अंदाज आहे. लेखात त्याची कुठलीही खूण नाही, म्हणून हा माझाच अंदाज समजावा. १९४५ च्या मार्च महिन्यात ऑर्वेलची बायको आयलीन शस्त्रक्रियेच्या वेळी वारली. दोघांनी दत्तक घेतलेलं पोर, रिचर्ड, तेव्हा वर्षाचंही नव्हतं. लेख लिहिला तेव्हा ते पावणेदोन वर्षांचं होतं आणि बाप त्याला लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या एका भाड्याच्या घरात वाढवत होता. बापाने एकट्याने बाहेर जाण्याचा, पोर कोणापाशी ठेवावं याचा प्रश्न त्याच्या घरात रोज उभा असणार. हे लक्षात घेऊन बाग पुन्हा वाचली, की तिथले झोके आणि घसरगुंडी वेगळी दिसतात. आपलं मूल खेळतं आहे आणि आपण चार माणसांत बसलो आहोत, एवढीच ती इच्छा.

अशा बैठकीची जागा मी प्रत्यक्ष पाहिली ती ऑर्वेलशी नातं असलेल्या साउथवोल्ड या सफक परगण्यातल्या समुद्रकाठच्या गावी. ऑर्वेल हा मूळचा एरिक ब्लेअर, जन्म बिहारातल्या मोतिहारीचा, १९०३ सालचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतर आईवडील साउथवोल्डला जाऊन राहिले, आणि बर्मातली पोलिसाची नोकरी सोडून आलेला मुलगा पुढे काही वर्षं तिथे राहून लिहीत होता. सफकमधून वाहणाऱ्या ऑर्वेल नदीवरून त्याने टोपणनाव घेतलं आणि १९३३ सालच्या पहिल्या पुस्तकावर ते छापलं. मुलाकडे इंग्लंडला गेलो असताना आम्ही दोघं नवरा-बायको या गावी गेलो होतो. हाय स्ट्रीटवरच्या त्याच्या आईवडिलांच्या घरावर पाटी आहे. वाळूच्या कडेने रंगीत लाकडी खोल्यांची रांग आहे. गावाच्या मधोमध, घरांच्या गर्दीतच, पांढरंशुभ्र दीपगृह उभं आहे, १८९० पासूनचं, आणि त्याच्या पायाशी एक जुना पब. ॲडनम्स नावाची बिअरची भट्टी याच गावात, जवळच. हवेला मोड आलेल्या धान्यासारखा एक उबदार वास येत होता.

आत गेल्यावर कुणी विचारायला येईल म्हणून आम्ही टेबलाशी बसून राहिलो. शेजारच्या आजोबांनी हसून काउंटरकडे बोट दाखवलं. पबमध्ये आपण उठून जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि आपला पेला आपणच टेबलावर आणायचा. काउंटरवर लाकडी मुठीचे हातपंप. बाईने मूठ ओढली की खालच्या तळघरातल्या पिंपातून बिअर वर चढते. दोन-तीन लांब ओढींत ५६८ मिलिलिटरचा पाइंट भरतो आणि वर पातळ फेस राहतो. ही बिअर बर्फासारखी थंड नसते, तळघराइतकीच गार असते. मी अर्धा पाइंट घेतला, हिने लेमोनेड. काउंटरवरच्या बाईने हिला “लव्ह” म्हणून हाक मारली. हिला आधी ते कळलं नाही, कळल्यावर चेहरा उजळला. कोपऱ्यात सत्तरीच्या पुढची एक बाई एकटीच बसली होती. समोर अर्धा भरलेला पेला, हातात वर्तमानपत्र, पायाशी झोपलेलं कुत्रं. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. येणारा-जाणारा तिच्याशी दोन शब्द बोलायचा आणि आपल्या टेबलाकडे जायचा. खिडकीपाशी एक जोडपं होतं, त्यांचं पोर बाकावर उभं राहून काचेवर बोटाने चित्र काढत होतं.

ही बराच वेळ त्या म्हाताऱ्या बाईकडे बघत होती. मग म्हणाली, “अहो, आपल्या स्टँडवरच्या हॉटेलात मी कधी बसले का हो? पस्तीस वर्षं झाली कंधारात येऊन.”

बसली नव्हती. तिने तिथला चहा प्यायला आहे, पण एसटीच्या खिडकीतून, मी नेऊन दिलेला. आमच्या हॉटेलात दारू नाही, दंगा नाही, मामा देवमाणूस. तरी बाई तिथे एकटी येऊन बाकावर बसत नाही, पेपर वाचत नाही, कुणी तिला ठरलेली खुर्ची ठेवत नाही. प्रवासातली बाई नाइलाजाने येते आणि कडेच्या टेबलाशी पाठ करून पटकन आटोपते. मी ऑर्वेल वाचला होता, वर्गात शिकवलाही होता. बागेचा परिच्छेद मुलांना समजावून सांगितला होता. पण तो आमच्या चहाच्या हॉटेलालाही लागू होतो, हे हिच्या त्या एका प्रश्नाने मला दाखवलं.

इंग्लंडने तरी हे सहज दिलं असं नाही. बायकांना पबमध्ये सेवा नाकारता येत असे. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानंतरही लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचं एल व्हिनो नावाचं मद्यगृह बायकांना काउंटरपाशी उभं राहून पिऊ देत नव्हतं. १९८२ साली दोघी न्यायालयात जिंकल्या तेव्हा ती रीत मोडली. मुलांवरची बंदीही पुढे सैल होत गेली आणि २००३ च्या कायद्याने आईबापांसोबतचं मूल पबमध्ये बसणं ही साधी बाब झाली. म्हणजे ऑर्वेल ज्याला मोडण्यालायक म्हणाला, ते मोडायला पुढची पन्नासहून अधिक वर्षं लागली. साउथवोल्डच्या खिडकीपाशी चित्र काढणारं ते पोर या सगळ्यानंतरचं आहे.

आमच्याकडे पिण्याच्या जागेचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. कंधार १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. शिंदीच्या आबकारीतून सरकारी तिजोरीत मोठी रक्कम जात असे, म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रहाचा भाग झाला. देशभक्त तरुण रात्री कुऱ्हाडी घेऊन बनात शिरत. तेलंगणाच्या बाजूला आजही कष्टकरी बायका-पुरुष झाडाखाली एकत्र बसून कल्लू, म्हणजे ताडी-शिंदी, पिताना दिसतात. आपल्याकडे ती रीत मागे पडली आणि उरलं ते देशी दारूचं दुकान. लोखंडी जाळी, जाळीतून आत जाणारे हात, बाहेर येणारी छोटी बाटली. बसायला बाक नाही, बोलायला कुणी नाही. माणूस उभ्याउभ्या घशात ओततो, चिमूटभर मीठ नाहीतर चार फुटाणे तोंडात टाकतो आणि निघतो. घरी जाऊन काय करतो ते त्याच्या बायकोला विचारावं. ऑर्वेलने ज्याला नुसता दारूचा अड्डा म्हटलं, तो पूर्णत्वाला गेला की असा दिसतो.

म्हणून महाराष्ट्रातल्या बायकांनी आपलं उत्तर वेगळं दिलं. गावात मतदान घ्यायचं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. जी जागा आपल्याला आत घेत नाही आणि आपलं घर मोडते, ती नकोच, असा हा निवाडा आहे आणि तो शंभर टक्के रास्त आहे. ऑर्वेलचा लेख घेऊन त्या बायकांना कुणी पबचं कौतुक सांगायला जाऊ नये. पण बागेचा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवावा. दोन्हीकडचं म्हणणं एकाच मुळातून आलेलं आहे: ज्या ठिकाणी बाई-पोर नाही, ते ठिकाण नासतं.

कंधारात बाई-पोरांसह दिवस घालवायच्या जागा मुळीच नाहीत असंही नाही. हाजी सय्याह यांच्या दर्ग्याचा उरूस असतो, पलीकडे लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा असते. तिथे रहाटपाळणे असतात, भज्यांची पालं असतात, आया पोरांना कडेवर घेऊन तासन्‌तास हिंडतात, ओळखीपाळखी निघतात, हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतल्या बाया एकाच दुकानात बांगड्या भरतात. ऑर्वेलच्या बागेतला आनंद मी या यात्रांत पाहिला आहे. पण यात्रा वर्षातून एकदा येते. त्याने मागितलं होतं ते रोजच्या संध्याकाळसाठी.

लेखाच्या शेवटी तो सांगून टाकतो की असा पब अस्तित्वातच नाही. चाणाक्ष वाचकाने ते ओळखलं असेल, असंही म्हणतो. यात कुणाला फसवल्यासारखं वाटू नये. आपण वाचलेला प्रत्येक तपशील खरा असतो, कुठल्या ना कुठल्या पबमध्ये पाहिलेला असतो. फक्त ते सगळे एका ठिकाणी कधी आले नाहीत. चांगल्या पबचे दहा गुण आपण सांगितले, त्यांतले आठ असलेला एक पब ठाऊक आहे, पण तिथेही पिंपातून ओतलेला स्टाउट (गडद बिअर) मिळत नाही आणि चिनी मातीचे मग नाहीत, असा हिशेब तो मांडतो. मग वाचकांनाच विचारतो, तुम्हाला कुठे ठाऊक असेल तर कळवा, नाव कितीही साधं असलं तरी चालेल. स्वप्न सांगणारे लेखक पुष्कळ असतात. स्वप्नाला दहापैकी आठ गुण देऊन उरलेल्या दोनांचा पत्ता विचारणारा लेखक विरळा. त्यामुळेच वाचकही हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून आपल्या गल्लीतली जागा मोजायला लागतो.

पुढे इंग्लंडमध्ये ‘द मून अंडर वॉटर’ हे नाव बऱ्याच पबांनी घेतलं. वेदरस्पून या मोठ्या साखळीने तर आपल्या अनेक पबांना ते दिलं आणि बहुतेक ठिकाणी संगीत न वाजवण्याचा नियमही पाळला. नाव आणि शांतता मिळाली, बाग मात्र सगळीकडे मिळाली नाही.

मला विचाराल तर ऑर्वेलच्या छोट्या लेखांत हा सर्वांत पक्का लेख आहे. राजकारणाचं नावही न घेता कोण आत आणि कोण बाहेर हा राजकारणातला मूळ प्रश्न तो एका बागेतल्या घसरगुंडीवर आणून ठेवतो. लेखकाचा मृत्यू २१ जानेवारी १९५० चा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्याने हयातीत छापलेलं सारं लेखन भारतात २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. हा लेख मराठीत करायला, शाळेच्या भित्तिपत्रकावर लावायला किंवा महिला मंडळाच्या बैठकीत वाचायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही. नांदेड-लातूरकडच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी एवढं काम मनावर घ्यावं, आणि वाचन झालं की मंडळातल्या बायकांना विचारावं, रोज संध्याकाळी तासभर बसायला त्यांना गावात कुठे जागा हवी आहे.